दुसऱ्या वेळचे पेढे

परबबाईंनी माझी मुलाखत सुरू करण्याआधी माझी खुर्ची उचलली. मी टेबलाच्या उजव्या बाजूला बसलो होतो. त्यांनी मला उठवलं आणि खुर्ची डावीकडे नेऊन ठेवली. "त्या बाजूला बसलास तर तुझी मुलाखत भिंत घेईल," म्हणाल्या. "उजवा कान गेलाय माझा. डावा आहे, पण तोही लहरी." मग चष्मा चढवून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गोवंडीत राहतोस ना? तुमच्याकडे टीबी किती घरांत आहे?" रसायनशास्त्राची घोकंपट्टी करून गेलेला मी गडबडलो. म्हटलं, "आमच्या गल्लीत त्या गोळ्या कधी आल्या नाहीत असं घर शोधावं लागेल, मॅडम." "मॅडम नको, बाई म्हण," एवढं बोलून त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

मुलुंडच्या त्या प्रयोगशाळेत आम्ही टीबीवर नवं औषध शोधत होतो. शोधायचं म्हणजे काय, तर एक रेणू घ्यायचा, त्याचा इथला तुकडा काढायचा, तिथे दुसरा लावायचा आणि तयार झालेली भुकटी जंतूंच्या विभागाकडे पाठवायची. तिने जंतू मरतो की नाही हे कळायला आठवडे लागायचे, कारण हा जंतू वाढतोच फार सावकाश. मी रोज विचारायचो, निकाल आला का. बाई म्हणायच्या, "मेल्या, त्याला घाई नाही, मग आपण करून काय उपयोग?" बाई मूळच्या मालवणकडच्या, वाढल्या घाटकोपरला. 'मेल्या' हा त्यांचा लाडाचा शब्द. 'सिद्धार्थ' अशी नावाने हाक आली की समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय.

त्यांचा एक नियम होता. चांगला निकाल आला की सगळीकडे पेढे वाटतात. आमच्याकडे तोच पदार्थ नव्याने बनवून, पुन्हा तपासून, पुन्हा तेच उत्तर आलं तरच पेढे यायचे. "एकदा झालं ते नशीब, दुसऱ्यांदा झालं ते रसायन," असं त्या म्हणत. आणि तरीही त्या स्वतः पेढा खात नसत. आमच्या हातात देत आणि विचारत, "जंतू मेला, हे अर्धं वाक्य झालं. माणसाचं काय?" मग तो पदार्थ यकृताच्या नाहीतर दुसऱ्या कुठल्या तरी चाचणीत आपटायचा आणि बाईंचा पेढा राहून जायचा.

हे अर्धं वाक्य कुठून आलं, ते त्यांनी एकदा काचेची भांडी विसळता विसळता सांगितलं. कॉलेजात असताना त्यांना टीबी झाला होता. साध्या गोळ्या लागू पडेनात, म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. "कानात शिट्टी वाजते, असं मी रोज सांगायचे. तिथले लोक म्हणायचे, अगं, जंतू मरतायत ना? मग झालं तर. जंतू मेले रे. शिट्टीही थांबली, आणि तिच्याबरोबर उजव्या कानातलं बाकीचं सगळंच." एवढं बोलून त्यांनी भांडं उजेडात धरून बघितलं आणि पुन्हा विसळायला घेतलं.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी मी केलेल्या एका पदार्थाने जंतूंचा फडशा पाडला. जंतू वाढवायच्या थाळीत काही उगवलंच नाही. आमच्या कामाला पुढे पैसे द्यायचे की नाही, हे ठरवणारी बैठक तोंडावर आली होती. आमच्या प्रयोगशाळेचे साहेब खूश झाले, मी तर हवेतच होतो. बाई म्हणाल्या, "झकास. आता दुसऱ्यांदा कर." मी केला, आणि या वेळी आणखी शुद्ध केला. निकाल आला तेव्हा थाळीत जंतूंचं रान माजलं होतं.

साहेब म्हणाले, "बाई, दुसऱ्या खेपेत काहीतरी गडबड झाली असणार. बैठकीत पहिली दाखवू."

"गडबड पहिल्या खेपेतही झालेली असू शकते," बाई म्हणाल्या. "ती शोधायला नको?"

माझा चेहरा उतरला होता आणि बाईंच्या चेहऱ्यावर मात्र कोडं हातात आलेल्या पोरीसारखा आनंद. त्यांनी दोन्ही बाटल्या खिडकीशी धरल्या. पहिल्या भुकटीला जराशी हिरवट झाक होती. ती पदार्थाचीच, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. बाईंनी विचारलं, "हा रंग कोणाचा?" मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेवटच्या पायरीला मी तांबं वापरलं होतं, ते नीट निघालंच नव्हतं. नुसतं तांबं जंतूंवर टाकून बघितलं, तर त्यानेही ते मेले. "आमच्या मालवणात हा शोध घराघरांत तांब्याच्या कळशीत भरून ठेवलेला असतो," बाई म्हणाल्या आणि मनापासून हसल्या.

बैठकीत हे त्यांनी स्वतःच उभं राहून सांगितलं. काम बंद झालं. मला त्यांचा भयंकर राग आला. म्हटलं, "बाई, दोन महिन्यांनी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्या कानाचंही कोणाला तरी आधीच माहीत होतं, सिद्धार्थ."

मी आता अंधेरीत दुसरीकडे तेच काम करतो. गेल्या महिन्यात माझ्या एका पदार्थाने जंतू मारले. तो पुन्हा बनवला, तांब्याचा कण राहिला नाही ना ते तपासलं, आणि जंतू पुन्हा मेले. पेढे घेऊन मी बोरिवलीला बाईंकडे गेलो. त्या खूप थकल्या आहेत. डावा कानही आता नावालाच उरलाय, त्यामुळे कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बोलावं लागतं. खुर्ची मात्र त्यांनी स्वतःच डावीकडे ओढली.

मी सगळं सांगितलं. त्यांनी खोदून खोदून विचारलं. कुठला तुकडा बदलला, का बदलला, जंतूच्या मेणचट भिंतीतून आत कसा गेला? त्यांचे डोळे लकाकत होते. शेवटी तो प्रश्न आलाच. "आणि माणसाचं काय?"

"यकृताचं ठीक आलंय, बाई. कानाची चाचणी चालू आहे."

बाईंनी पेढा उचलला. इतक्या वर्षांत मी त्यांना पेढा खाताना पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याचे दोन भाग केले, एक तोंडात टाकला आणि दुसरा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. "हा फ्रीजमध्ये ठेव माझ्या. वाक्य पुरं झालं की खाईन."

"बाई, पेढा फार दिवस टिकत नाही."

"मीही नाही," बाई म्हणाल्या. "घाई कर, मेल्या."