दगड चढणारी गाडी आणि माझे घाईचे हात

आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला, आणि त्यातला बराचसा हसत हसत सांगते. हा एक सांगताना मात्र हसू येत नाही. गेल्या दिवाळीत, घरच्या सगळ्यांसमोर, मी माझ्या दिराच्या हातातून एका खेळण्याचा रिमोट ओढून घेतला. वसंतभाऊजींना जाऊन आता दीड महिना झाला...

लग्न होऊन अल्लीपूरला आले तेव्हा मी एकोणीसची, भाऊजी नऊ वर्षांचे. ती एकोणीसची बाई आज भेटली तर तिला दोन धपाटे घालीन. तिला वाटायचं, आपला हात लागल्याशिवाय या घरात दूधसुद्धा उतू जात नाही. भाऊजींची गणितं तीच सोडवायची. गुरुजींनी फळ्यापाशी बोलावलं की पोराची बोबडी वळायची, आणि घरी ही शहाणी विचारायची, ‘काऊन, कालच तं सोडवलं होतं ना?’

तेच भाऊजी पुढे हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर झाले. यंत्राला नुसता हात लावून बिघाड सांगायचे. निवृत्तीनंतर लकवा आला आणि नेमका तोच, उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, जे परत यायचं ते आलं, आता फार आशा नको.

मग नागपूरहून त्यांची लेक रूपाली ती गाडी घेऊन आली. दोन तळहातांवर मावेल एवढी, टायर मात्र ट्रॅक्टरसारखे. डाव्या बोटानं रिमोटचा बंदुकीसारखा घोडा दाबायचा, उजव्या हातानं त्यावरचं छोटं चाक वळवायचं. गाडी चाले इतकी हळू की मी म्हटलं, ‘खराब दिसते, परत कर.’

‘मोठी आई, हे दगडं चढाची गाडी आहे. हळूच चालते,’ रूपाली म्हणाली.

मी कुठली ऐकते. घोडा करकचून दाबला, गाडी दगडावर आपटून भुंग्यासारखी उताणी पडली. भाऊजी वाकड्या तोंडानं हसले. ‘वैनी... जिनमध्ये असत्या... तं बोटं गेली असती.’

घरामागे विहीर खणताना निघालेल्या काळ्या दगडांचा ढीग आहे. रोज ऊन उतरलं की भाऊजी तिथं खुर्ची टाकून बसत. पहिले दोन दगड गाडी चढायची. तिसऱ्याला खाच होती. तिथं रिमोटचं चाक उजवीकडे जरासं जास्त वळवावं लागे, आणि तेवढंच त्या बोटांना जमत नसे. गाडी घसरायची. ते पुन्हा खालून सुरू करायचे. एकदा मला म्हणाले, ‘ह्या हातानं एकदा चढू द्या... मंग सांगतो डॉक्टरले.’

भाऊबीजेच्या संध्याकाळी सगळे ढिगाभोवती जमले होते. गाडी खाचेपाशी आली. भाऊजींच्या कपाळावर घाम. चाक वळत होतं, अगदी केसाकेसानं वळत होतं... आणि माझ्यानं बघवेना. ‘द्या इकडे,’ म्हणत मी रिमोट घेतला, चाक वळवलं. गाडी वर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही, बहात्तराव्या वर्षी, शाळेत पहिली आल्यासारखी ऐटीत उभी राहिले. भाऊजींनी उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, डाव्या हातानं.

त्यानंतर त्यांनी गाडी मागितली नाही. मीच दोनदा खुर्ची ढिगापाशी नेऊन ठेवली, तर म्हणाले, थंडी वाजते. पौषात दुसरा झटका आला, आणि संपलं.

गाडी त्यांच्या खोलीत खिडकीत आहे. टायरांत विहिरीचा मुरूम अडकलाय. मी सगळं घर पुसते, तेवढी सोडून. लोक भेटायला येतात, म्हणतात, तुम्ही त्यांचं फार केलं. खरं आहे, फारच केलं.

त्या भाऊबीजेला सगळे आत गेल्यावर मी त्यांना चहा नेऊन दिला होता. म्हटलं, ‘भाऊजी, चढली ना एकदाची तुमची गाडी?’ त्यांनी कप घेतला नाही. ढिगाकडे बघत, एकेक शब्द जुळवत म्हणाले,

‘चढली ते तुमची, वैनी... माही अजून खालीच हाये.’