चहाबरोबरची गोळी

आज औषधाच्या दुकानात एक बाई रक्तवाढीच्या गोळ्यांचं पाकीट उलटंपालटं करून बघत होती. तिने सरळ विचारलं, "दादा, चहाबरोबर घेतली तर चालेल ना?"

"नको ताई, चहाने गोळीचा गुण जातो. दोन तासांचं अंतर ठेवा."

मी तिच्या मागेच उभी होते. ऐकून मला माझी लेक आठवली.

माझी सुमन लहानपणी फार फिकट दिसायची. रक्त वाढेल म्हणून मी लाल रंगाच्याच गोळ्या बघून आणायचे आणि तोंड कडू होऊ नये म्हणून रोज सकाळी चहाबरोबर द्यायचे. वर बोलायचे, "अंगाला काही लागतच नाही मेलीच्या!" ती खाली मान घालून कप संपवायची. दुकानदाराला विचारायची मला लाज वाटायची. या बाईला विचारायला कितीसा वेळ लागला?

घरी येऊन सुमनच्या सासरी फोन केला. म्हटलं, "रक्तवाढीची गोळी अजून घेतेस ना? ती चहाबरोबर घेऊ नकोस गं."

"अगं आई, तूच तर द्यायचीस की!" ती हसली.

मीही हसले. माझं चुकलं, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही.