धोंड्याच्या महिन्याची साखर

ज्यात आमच्या हिंगोलीच्या घरमालकांनी काटकसर केली नाही, अशी एकही वस्तू परमेश्वराने किराणा दुकानात ठेवलेली नव्हती. मी नवा मास्तर म्हणून बायकोला घेऊन त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आलो, तेव्हा ते साठीला टेकले होते. बायको वारलेली, एकुलती एक लेक लग्न होऊन कळमनुरीला गेलेली. उभा जन्म त्यांनी मोंढ्यात हळदीच्या अडतीवर मापाडी म्हणून काढला होता. आता स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत आणि त्यात चिमूटभरही जास्त काही पडू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बघत. ते तेल फुकट असतं म्हणूनच घालतात, असं माझी बायको म्हणे.

आमच्याकडे फोडणीचा चर्र आवाज झाला, की घरमालक शिजलेल्या डाळीचं भांडं घेऊन दारात हजर. आमची भाजी काढून झाली की रिकाम्या कढईत ते आपली डाळ ओतत, कडेला चिकटलेलं तेल, दोनचार मोहऱ्या असं सगळं फिरवून गोळा करत आणि डाळ परत घेऊन जात. "तुमची कढई बी निघाली अन् माझं वरण बी झालं," असं वर ऐकवत, म्हणजे उपकार आमच्यावरच झालेला असे. हिंगाचा खडा त्यांनी तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवून दिला होता. तो कधी वरणात पडला नाही. वासावर भागत असेल तर खडा काहून झिजवायचा, हा त्यांचा सवाल होता. आठवडी बाजारात ते दिवेलागणीला जात, माळवं विकणाऱ्या बायका गाठोडी बांधायला लागल्या की. त्यांची वांगी विकत घेतलेली नसत. बायकांनी वैतागून पिशवीत टाकलेली असत. काडेपेटी घरात होती, पण विस्तव ते आमच्याकडूनच कागदाची सुरळी पेटवून नेत.

आम्ही हसायचो. मात्र साखरेचा विषय निघाला की हसणं जागच्या जागी थांबायचं. लेकीचं लग्न दुष्काळात झालं होतं. घरात साखर होती, पण पाहुणे फार आणि साखर थोडी, म्हणून यांनी हिशेबाने वऱ्हाडाला गुळाचा चहा दिला. वरमाईने कप तसाच खाली ठेवला. तेव्हापासून लेकीला माहेरी पाठवणं बंद झालं. पंचमी नाही, दिवाळी नाही. कळमनुरी काही सातासमुद्रापार नव्हती, एस.टी.ने तासाभराची वाट. घरमालक सणाच्या आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन बसत आणि अंधार पडला की परत येत. "एका चहापायी माझी लेक गेली, सर," असं एकदाच मला म्हणाले. त्या माणसाला हे बोलताना बघणं मला जड गेलं.

मग धोंड्याचा महिना जवळ आला. अधिक महिन्यात जावयाला देव मानून जेवू घालायचं, तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही आपली रीत. यांनी वर्षभर आधीच ठरवलं होतं की या निमित्ताने रुसवा काढायचा. रेशनची साखर आली की ती थेट साठ्यात जाई. स्वतः कोरा, अगोड चहा पीत. अनारशाला गुळाचा नुसता वारासुद्धा लागू द्यायचा नव्हता. साठवायला नवा डबा घेण्याची मात्र हिंमत झाली नाही. रॉकेलचा रिकामा डबा होता, तो त्यांनी राखेने घासला, चिंचेने घासला, आठवडाभर उन्हात पालथा घातला. साखर भरली की मुंगी शिरू नये म्हणून झाकणाच्या फटीला कणीक लावत. त्या डब्याजवळ ते कुणालाही जाऊ देत नसत.

तांदूळ भिजवणं, कुटणं, पीठ मुरवणं, सगळं त्यांनी एकट्याने केलं. तूप घासाघीस न करता आणलं, तेव्हा माझ्या बायकोला त्यांच्या प्रकृतीची काळजी वाटली. तळताना ती मदतीला गेली. जाळी सुरेख पडत होती. एक मोडून बघू का, असं तिने विचारलं, तर म्हणाले, "न्हाई बाई, देवाला दाखवल्याबिगर चाखायचं न्हाई." स्टोव्ह भडकत होता, खोलीभर रॉकेलचा वास होता, आणि स्टोव्ह म्हटल्यावर तो असायचाच.

जावई आले, बरोबर लेकही आली. घरमालकांनी जावयाचे पाय धुतले. पंगतीला मीही होतो. अनारशाचा पहिला तुकडा तोंडात गेला आणि मला कळलं. बाहेर तूप, आत साखर आणि साखरेच्या कणाकणात रॉकेल. जावयांनी घास कसाबसा गिळला आणि उरलेला अनारसा ताटाच्या कडेला सरकवला. त्यांना वाटलं असणार, आधी गूळ, आता हे. लेकीने एक खाल्ला, मग दुसरा मागून घेतला. "गोड झाले, आबा," म्हणाली. आबांनी तिला तिसरा वाढला.

ते निघताना घरमालकांनी हात जोडले, आठ दिवस हिला ठेवून जा म्हणाले. आईला विचारून कळवतो, असं म्हणून जावयांनी वाणाचं ताट घेतलं आणि दोघं बसला गेली.

चार दिवसांनी ताट परत आलं, एका एस.टी. कंडक्टरच्या हाती, वरच्या फडक्याची गाठसुद्धा सोडलेली नव्हती. घरमालक ते घेऊन माझ्याकडे आले. "सर, खरं सांगा, काय वंगाळ झालं होतं?"

मी सांगितलं. त्यांनी अनारसा नाकाशी धरला, बराच वेळ हुंगत राहिले.

"मला कशाचाच वास येत न्हाई, सर. हळदीच्या धुळीनं नाक कवाच मेलं. कुणाला बोललो न्हाई." मग त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला. "मला तर गोडच लागून राहिला."

ते चावत होते. अर्ध्यातच थांबले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "मग माझ्या लेकीनं तीन कसे खाल्ले?"

त्या दिवाळीला लेक आली नाही. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. आम्ही निघालो त्या दिवशी ते स्टँडवर पोचवायला आले होते. आमची बस नांदेडची, कळमनुरीवरूनच जाणारी. खिडकीशी उभे राहून त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण निरोप काय द्यावा हे त्यांना सुचलं नाही. बस हलली.