सरवा

चाकण चौकात आमची कंपनीची बस अडकते, तेव्हा कधीतरी शेजारी कडब्याचा ट्रॅक्टर येऊन थांबतो. त्या वाळक्या, गोडसर वासानं मला आमच्या रानातली शेवटची सुगी आठवते. जमीन कारखान्यासाठी गेली होती, उभी ज्वारी तेवढी काढून न्यायची मुभा होती. काढणीनंतर रानात जी कणसं गळून राहतात, त्यांना आमच्याकडे सरवा म्हणतात. रानाच्या धन्यानं त्याला हात लावायचा नाही, ज्यांना रान नाही त्या बायांनी तो वेचून न्यायचा, अशी रीत. आईनं आम्हा भावंडांना त्यातलं एक कणीस कधी उचलू दिलं नव्हतं. त्या दुपारी कडबा गाडीत भरून झाला, मोजणीवाल्यांचे पांढरे दगड उन्हात तापले होते, आणि मागं वळून पाहतो तर आई वाकून ढेकळांतली कणसं पदरात टाकत होती. वडील हळूच म्हणाले, "अगं, काय करतीस? सरवा हाय त्यो." तिनं मान वर केली नाही. "व्हय, सरवाच. आता आपल्याला बी चालतोय." वडील गाडीच्या चाकाशी खाली बसले. पदर भरल्यावर ती निघाली, पण बांधावर थांबून मूठभर कणसं तिनं परत रानात टाकली, मागून कुणी वेचायला आली तर तिच्यासाठी. मागून जेसीबी आला. आता तिथंच मी शिफ्टला जातो, आणि गेटवर पास दाखवायला थांबलो की आईचं ते 'आपल्याला बी' ऐकू येतं.