एका मतानं तुटलेलं माहेर

माझं सासर-माहेर एकाच गावातलं. सरपंचकीला माझा धाकटा भाऊ आणि माझा दीर समोरासमोर उभे राहिले. आम्ही तेव्हा दिल्लीला, मालक फौजेत. मत गावातच होतं, म्हणून मी एकटीच निघाले. गाडी वाटेत रखडली. पोचले तर मतदान उरकलेलं. भाऊ एका मतानं पडला.

"मुद्दाम उशिरा आलीस, सासरच्यांनी पढवलं तुला," भावजय म्हणाली. दीर चारचौघांत हसला, "वहिनी शेवटी आमचीच!" झालं. भावानं दार लावून घेतलं.

त्या वर्षीपासून भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळते. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. माझा तर जिवंत होता.

पुढं खूप वर्षांनी गावची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला आली. त्यात तोही होता. मी दिल्लीहून भाकरी न् ठेचा घेऊन गेले. त्यानं खाल्लं. मग म्हणाला, "गाडी खरंच रखडली होती का गं, आक्का?"

"खरंच रे."

"मग एक दिवस आधी निघायचं होतंस."

बरोबरच होतं त्याचं. तो बसमध्ये जाऊन बसला.

आता तो नाही. दिवाळीत इथं दिल्लीत नुसता धूर, चंद्र दिसतच नाही. नात म्हणते, "आजी, मोबाइलमध्ये दाखवू चाँद?"

"राहू दे बाळा," म्हणते, आणि त्या धुरालाच ओवाळते.