दोन कलिंगडं

वर्डेल मेबरी आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आली ती दिवाळखोर म्हणून. साल अठ्ठ्याण्णव. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात दुसऱ्या मजल्यावर आमचं वकिलाचं ऑफिस, आणि काम एकच: कर्जात बुडालेल्या माणसांचे अर्ज कोर्टात लावायचे. मी तेव्हा नुकतीच टायपिंगला लागले होते.

वर्डेल वृद्धाश्रमात धुलाईचं काम करायची. पाठ धरली, ऑपरेशन झालं, हॉस्पिटलच्या बिलांनी घर भरलं. वकिलांना यायला वेळ होता म्हणून ती बाकावर बसली होती. शेजारी एक म्हातारी पिशवीभर न फोडलेली पाकिटं छातीशी धरून मुसमुसत होती.

वर्डेलनं पर्समधून नखं घासायची कानस काढली. "द्या इकडे, मावशी. पत्र चावत नाही." एकेक पाकीट फोडून तिनं ढीग लावले. "ही वीज. हे हॉस्पिटल. आणि हे बघा, हे तर तुम्हालाच जहाजातून फिरायला बोलावतायत!" म्हातारी डोळे पुसता पुसता हसली. अर्ध्या तासात वर्डेलसमोर पाच जण पिशव्या घेऊन रांगेत.

आमचे वकील, मिस्टर ट्राउट, दारात येऊन बघत राहिले. "बाई, तुम्ही इथे कामाला आहात का?"

"नाही हो. मी इथली दिवाळखोर."

"मग सोमवारपासून कामालाच या."

ती आली, आणि सोळा वर्षं राहिली.

आल्याबरोबर तिनं एक गोष्ट बदलली. तोवर आम्ही लोकांना आडनावानं हाक मारायचो, आणि हाक ऐकली की माणूस शरमेनं खुर्चीत रुतायचा. गाव मोठं असलं तरी चर्चमध्ये, न्हाव्याकडे सगळे एकमेकांना ओळखतात. वर्डेल आलेल्या प्रत्येकाला एका भाजीचं नाहीतर फळाचं नाव द्यायची. "तुम्ही आज भेंडी. तुम्ही पीच. लक्षात ठेवा बरं." मग दारातून आवाज यायचा, "भेंडीऽऽ, आत या!" आणि साडेसहा फुटी ट्रक ड्रायव्हर ओठ दाबत उठायचा. रडवेली माणसंसुद्धा एकमेकांना विचारायला लागली, "तुम्हाला काय मिळालं?"

दोन हजार पाचचा ऑक्टोबर मात्र आम्ही कुणीच विसरणार नाही. सतरा तारखेपासून कायदा कडक होणार होता, त्यामुळे त्याआधी अर्ज लावायला सगळं शहर लोटलं. रांग जिना उतरून फुटपाथवर, तिथून चपलांच्या दुकानापर्यंत. वर्डेलनं घरून तळलेला कॅटफिश आणि पातेलंभर स्पॅगेटी आणली, आणि रांगेतल्यांनाच वाढायला लावलं.

अशा गर्दीत तिची चूक झाली. खिडकीजवळ एक गृहस्थ टोपी नाकापर्यंत ओढून, मासेमारीचं मासिक उलटं धरून बसले होते. दाराजवळ दुसरे, भिंतीकडे तोंड करून. वर्डेलनं हाक मारली, "कलिंगऽऽड!"

दोघंही उठले. आणि समोरासमोर आले.

टोपीवाले होते वर्डेलच्याच चर्चचे पास्टर गेन्स. भिंतीकडचे होते त्याच चर्चचे खजिनदार, डीकन ह्यूलेट.

"डीकन," पास्टर कसेबसे म्हणाले, "तू इथे कसा?"

"मी? मी झेरॉक्सचं मशीन दुरुस्त करायला आलोय. आणि तुम्ही?"

"मी... या लोकांसाठी प्रार्थना करायला."

वर्डेलनं कपाळावर हात मारला. "चूक माझी आहे, पास्टर. फळं संपली होती. पण दोन्ही कलिंगडं पिकलेलीच दिसतायत."

पास्टरांच्या पोटातून कुठून तरी हसू निघालं. आधी खांदे हलले, मग टोपी पडली. "डीकन, खरं सांग. ते मशीन किती हप्त्यांवर घेतलंस?"

"गाडी आहे हो, पास्टर," डीकन रडकुंडीला येऊन म्हणाले, "आणि बायकोचं दातांचं बिल."

"माझं छप्पर आणि मुलाचं कॉलेज. ये, बस इथे."

सगळी खोली हसत होती. मी हसता हसता एकाच अर्जावर दोनदा शिक्का मारला. दोघं खांद्याला खांदा लावून बसले, एका ताटलीत जेवले.

त्या रविवारी पास्टरांनी चर्चमध्ये उभं राहून स्वतःचं सगळं सांगितलं. वर्डेल सांगायची, मागून एक बाई ओरडली, "मी पण, पास्टर!" मग आणखी एक, मग बाकच्या बाक. दुसऱ्या दिवशी कायदा बदलला तरी चर्चची व्हॅन आमच्या दारात उभी, आणि त्यातून अकरा जण ठेवणीतले कपडे घालून उतरले. नव्या कायद्यानं कागद वाढले, फी वाढली, पण एकही परत गेला नाही.

"पोरी," वर्डेल मला म्हणाली, "यांना आता टोपणनावं नकोयत. खरी नावंच लिही, आणि स्पेलिंग नीट लिही."

कोर्टानं बांधून दिलेले तिचे स्वतःचे कर्जाचे हप्ते तोवर फिटले होते. चौदा साली ती निवृत्त झाली. आता बहिणीबरोबर तळ्याकाठी राहते आणि फोनवर मला मासे किती मोठे मिळाले ते सांगते. मी त्यातलं अर्धंच खरं मानते.