जावेचं इंग्रजी

माझी धाकटी जाऊ एम.ए. नव्हती. मी होते, इंग्रजीत, तेही पुण्याहून. गाझियाबादच्या एका शाळेत मी नववी-दहावीला इंग्रजी व्याकरण शिकवत असे आणि ती गुडगावला, नव्याने उगवलेल्या एका काचेच्या इमारतीत, कॉल सेंटरच्या पोरांना फोनवर कसं बोलायचं ते शिकवत असे. ती दिल्लीतच वाढलेली, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. पडवळ म्हणजे काय, हे तिला लग्नानंतर माझ्याकडून कळलं. पण इंग्रजी तिच्या तोंडून धो धो यायचं, आमच्या गाझियाबादच्या नळासारखं थांबून थांबून नव्हे.

सरळच सांगते, मी तिच्यावर जळत होते. ती नुसती आमच्या सोफ्यावर येऊन बसली तरी माझ्या पोटात दुखायचं. त्यातून बाई स्वभावाने चांगली. मत्सर करायचा तर समोरचं माणूस निदान वाईट तरी असावं; तेवढीही सोय तिनं ठेवली नव्हती.

तरी ते निभावलं असतं. पण माझी लेक बी.कॉम. झाली आणि तिनं काकूच्याच कंपनीत मुलाखत द्यायचं ठरवलं. त्या कंपनीची रात्रपाळीची गाडी यमुना ओलांडून आमच्या बाजूला येत नसे. म्हणजे निवड झाली की ती काकूकडेच राहणार. एकुलती एक पोर माझी. ह्यांना त्यात काही वावगं दिसेना. केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्या झेललेला माणूस, गुडगाव म्हणजे त्यांच्या लेखी शेजारची खोली. "घरचीच तर माणसं आहेत," म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

मुलाखतीच्या आधीच्या रविवारी जाऊ तिची तयारी करून घ्यायला आमच्याकडे आली. मी पोळ्या करत होते. ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

"वहिनी, एक विचारू? माझ्या बॅचमधली मुलं सगळी 'एक्स्प्लेन मी' म्हणतात. चूक आहे ते कानाला कळतं, पण का चूक, ते मला बिल्कुल सांगता येत नाही."

मला इतका आनंद झाला की तव्यावरची पोळी करपली. म्हटलं, "ऐक. टेल, गिव्ह, शो ही घरोब्याची क्रियापदं. त्यांच्याकडे माणूस थेट स्वयंपाकघरात शिरतो. टेल मी, शो मी. एक्स्प्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब ही जरा शिष्ट. त्यांच्याकडे आधी वस्तू पाठवायची आणि माणसानं मागून 'टु'ला सोबत घेऊन यायचं. एक्स्प्लेन इट टु मी. आपण चुकतो, कारण आपल्या 'मला'मध्ये 'ला' चिकटलेलाच असतो. 'मला सांग' काय नि 'मला समजाव' काय, आपल्याला दोन्ही सारखंच."

"आणि 'गिव्ह मी इट' का कानाला खटकतं?"

"'इट' एवढंसं असतं गं. त्याला क्रियापदाच्या मांडीवरच बसू द्यायचं. गिव्ह इट टु मी."

"वहिनी, कमाल आहात तुम्ही!" असं म्हणून ती बाल्कनीत लेकीकडे गेली. मी उरलेल्या पोळ्या लाटताना चक्क गुणगुणत होते.

थोड्या वेळानं बाल्कनीतून माझंच स्वयंपाकघर ऐकू आलं. तोच थेट आत शिरणारा माणूस, तेच शिष्ट एक्स्प्लेन, तीच मांडी. लेक खदखदून हसत होती. आठवीपासून मी तिच्या कानीकपाळी हेच ओरडत होते, अगदी याच शब्दांत, आणि ती जांभया देत असे.

"काकू, किती सोपं केलंस यार! आई सांगते तेव्हा सगळं डोक्यावरून जातं."

"अगं वेडे, हे आत्ता तुझ्या आईनंच मला सांगितलं."

"अच्छा? पण आई सांगते तेव्हा ना, ओरडा खाल्ल्यासारखं वाटतं."

जाऊ खोटं बोलली असती, श्रेय लाटलं असतं, तर मी तिला आयुष्यभर सुखानं शिव्या दिल्या असत्या. मी लाटणं हातात घेऊन तशीच उभी राहिले. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात; पण माझंच पिकलेलं माझ्याच बाल्कनीत दुसरीच्या हातून विकलं गेलं होतं. मग मी बाहेर जाऊन "जेवायला चला" म्हणाले, आणि तेसुद्धा ओरडल्यासारखंच निघालं.

लेकीची निवड झाली. मुलाखतीत एकही वाक्य अडलं नाही, असं तिनं फोनवर सांगितलं. पुढच्याच आठवड्यात ती गुडगावला राहायला गेली.

पहिल्यांदा सुट्टीला घरी आली ती दुपारी, झोपेनं डोळे तारवटलेले. आल्या आल्या आंघोळीला गेली. मी तिच्यासाठी साबुदाण्याची खिचडी परतत होते. बाथरूमचं दार किलकिलं झालं आणि तिनं आतून हाक मारली, "काकू, टॉवेल दे ना!"

तिला कळलंही नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांची वाक्यं दुरुस्त केली मी, पण ते एक वाक्य तसंच राहू दिलं. हात पुसले आणि टॉवेल नेऊन दिला.